हवेचा बुडबुडा

विमान म्हटले की मनुष्याची दृष्टी सहज आकाशाकडे जाते. त्याचे पंख, त्याचा वेग आणि त्याने गाठलेली उंची यांविषयी सारे जण कौतुकाने बोलतात. परंतु आकाशात गेलेले प्रत्येक विमान केव्हातरी भूमीवर उतरते, धावपट्टीवरून वेगाने धावते आणि अखेर त्याला थांबावे लागते. थांबविण्याचे हे काम करणारा ब्रेक चाकापाशी दडलेला असतो. तो आपले काम चोख बजावीत असतो तोवर त्याची कोणाला आठवणही होत नाही. ह्या ब्रेकचा एक मोठा वैरी आहे. आकाराने तो लहानशा बोराएवढा असला तरी पुरे होते, आणि धातूच्या नळीत दडून बसल्यामुळे डोळ्यांना तो दिसत नाही. हा वैरी म्हणजे तेलात अडकलेला हवेचा बुडबुडा.

त्याची ओळख करून घेण्यासाठी विमानतळावर जाण्याचे कारण नाही. नांदेडहून लातूरकडे जाणारा रस्ता गोदावरीचे खोरे मागे टाकतो आणि लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावे ओलांडीत बालाघाटाच्या पठारावर चढतो. अशा रस्त्याच्या कडेला मोटारी व जीपगाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींची दुकाने असतात. तेथे एक देखावा नेहमी दृष्टीस पडतो. मदतनीस गाडीत बसून ब्रेकचे पॅडल दाबतो आणि मिस्त्री गाडीखाली निजून चाकाजवळचा एक लहानसा निपल पान्याने सैल करतो. "दाब," "धरून ठेव," "आता सोड," असे शब्द खालून ऐकू येतात. निपलमधून प्रथम फसफस करीत फेसाळ तेल बाहेर पडते. काही वेळाने फेस नाहीसा होतो, तेलाची अखंड धार येऊ लागते आणि मिस्त्री निपल आवळून समाधानाने बाहेर येतो. ह्या कामाला 'ब्रेकची हवा काढणे' असे म्हणतात.

ब्रेकमध्ये तेल कशासाठी असते आणि त्यातील हवा का काढावी लागते, हे समजण्यासाठी ब्लेझ पास्कल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाचे स्मरण करावे लागेल. पास्कलचा जन्म १६२३ साली झाला आणि अवघ्या एकोणचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याने गणितात व पदार्थविज्ञानात मोलाची भर घातली. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दाब दिला, तर तो दाब द्रवाच्या सर्व भागांत व सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा त्याने सांगितलेला नियम होय.

ब्रेकची सारी रचना ह्या एका नियमावर उभी आहे. चालकाच्या पायाजवळ एक नळकांडे असते व त्यात एक लहान दट्ट्या असतो. तेथून निघालेली तेलाची नळी चाकाजवळच्या दुसऱ्या नळकांड्याला जोडलेली असते. समजा, पायाजवळच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर आहे आणि त्यावर दहा किलोग्रॅम वजनाइतका जोर पडला. चाकाजवळच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ पाच चौरस सेंटिमीटर असेल, तर तेथे पन्नास किलोग्रॅम वजनाइतका जोर मिळेल. मात्र निसर्ग फुकट काही देत नाही. जोर पाचपट झाला, की त्या दट्ट्याची सरक एक-पंचमांश होते. पण ब्रेकच्या गुट्क्याला केसभरच पुढे सरकून चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला घट्ट चिमटीत धरावयाचे असते. त्याला एवढी सरक पुरेशी असते.

तेलाची ही किमया एका गुणामुळे साधते. दाबल्याने द्रव पदार्थ जवळजवळ मुळीच आकसत नाहीत. हवेचे तसे नाही. सुई काढलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीत पाणी भरावे, तिचे तोंड बोटाने घट्ट बंद करावे आणि दांडा दाबावा. दांडा जागचा हलत नाही. मग पाणी काढून पिचकारीत नुसती हवा घ्यावी व तसेच दाबावे. दांडा सहज आत जातो आणि हात सोडताच मागे उसळतो. हवा दाबाला उत्तर देते ते आपले अंग चोरून.

आता ब्रेकच्या नळीत दोन घन सेंटिमीटर हवा राहून गेली आहे अशी कल्पना करावी. पॅडल पूर्ण दाबले असता पायाजवळच्या दट्ट्याने तीन घन सेंटिमीटर तेल पुढे ढकलले जाते असे धरू. वर सांगितलेला दाब पडताच ती हवा आकसून पाव घन सेंटिमीटरहूनही कमी होते. म्हणजे ढकललेल्या तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल केवळ हवेने सोडलेली जागा भरण्यात खर्ची पडते. पॅडल खाली जाते, पायाला ते स्पंजासारखे मऊ लागते, आणि चाकाजवळचा गुटका मात्र चकतीपर्यंत पोहोचतही नाही. चालकाने आपले काम केले, दट्ट्याने आपले काम केले, तेलानेही केले. परंतु सर्वांचे श्रम वाटेतल्या बुडबुड्याने गिळून टाकले.

हवेची ही खोडी मराठवाड्यातील शेतकऱ्याला नवीन नाही. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या तेलनळीत हवा शिरली, की इंजिन बंद पडते. पंपाने दिलेला दाब हवाच पचवून टाकते आणि इंजिनात तेलाचा फवारा उडत नाही. अनुभवी शेतकरी अशा वेळी हँडल मारून दमत नाही. तो नळीचा जोड सैल करतो, हवा बाहेर घालवतो आणि जोड आवळून मगच इंजिन सुरू करतो.

तथापि हवेला सरसकट दोष देणे न्यायाचे होणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरात पाण्याचे दुर्भिक्ष पराकोटीला गेले असता मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. एवढा भार ओढणाऱ्या आगगाड्यांचे ब्रेक चालतात ते दाबून भरलेल्या हवेच्याच बळावर. तेथे इंजिनावरील यंत्र नव्या हवेचा सतत पुरवठा करीत असते आणि सारी रचनाच हवेसाठी केलेली असते. तात्पर्य, हवा जेथे नेमलेली आहे तेथे ती उत्तम सेवक ठरते; तेलाच्या जागी चोरपावलांनी शिरली म्हणजे मात्र घात करते.

मोटारीला तेलाच्या दाबाचे ब्रेक बसविण्याची कल्पना ज्याने यशस्वी करून दाखविली, तो विमान बांधणाराच होता. अमेरिकेतील ॲलन व माल्कम लॉकहीड हे दोघे भाऊ मोटारदुरुस्तीची कामे जाणणारे कारागीर होते. त्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे स्वतःच्या हातांनी एक विमान बांधले आणि १५ जून १९१३ रोजी ते तेथील उपसागरावरून उडविले. ते विमान पाण्यावर उतरणारे असल्याने त्याला चाकांची गरज नव्हती. पुढे माल्कमचे लक्ष मोटारींच्या ब्रेककडे वळले. त्या काळचे ब्रेक लोखंडी सळया व तारा ओढून लावले जात. सर्व तारांचा ताण सारखा राहत नसे. एक चाक आधी अडे, दुसरे मागाहून अडे आणि गाडी वाकडी धावे. तेलाचा दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, ह्या पास्कलच्या नियमात माल्कमला त्यावरचा उपाय सापडला. १९२१ साली ड्यूसेनबर्ग ह्या मोटारीच्या चारही चाकांना तेलाचे ब्रेक बसविण्यात आले आणि १९२४ साली क्रायसलर मोटारीनेही ते स्वीकारले.

विमानांना मात्र आरंभीच्या काळात ब्रेकच नसत. शेपटीखालचा लाकडी दांडा गवताळ जमिनीवर घासत जाई आणि त्या घर्षणाने विमान थांबे. पुढे विमाने जड व वेगवान झाली, कठीण धावपट्ट्या आल्या आणि त्यांनाही ब्रेकची गरज भासू लागली. आज नांदेड व लातूर ह्या दोन्ही शहरांजवळ विमानांसाठी धावपट्ट्या आहेत. अशा धावपट्टीवर एखादे लहान विमान ताशी शंभर किलोमीटर वेगाने उतरले, तर ते एका सेकंदात सुमारे अठ्ठावीस मीटर अंतर तोडते. ब्रेक लागण्यास क्षणाचाही उशीर होणे किती महागात पडेल, हे ह्यावरून ध्यानी येईल.

मोठ्या कारखान्यात तयार होणाऱ्या विमानाचा प्रत्येक भाग अनेक जण तपासतात. परंतु जगात असेही पुष्कळ लोक आहेत, की जे आपले विमान आपल्या घरी, अंगणात किंवा गच्चीवर स्वतः बांधतात. महाराष्ट्रातील कॅप्टन अमोल यादव हे अशांपैकी एक. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादवांनी मुंबईच्या कांदिवली उपनगरातील चारकोप येथे आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. त्यापूर्वी त्यांनी केलेले प्रयत्न सिद्धीस गेले नव्हते. तरी त्यांनी हिंमत सोडली नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये हे विमान गच्चीवरून खाली उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडण्यात आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली, २०१९ साली उड्डाणाची अनुमती मिळाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या उड्डाणचाचण्या झाल्या. बांधणे, तपासणे, परवानगी मिळविणे आणि मगच उडणे, ह्या क्रमाला अनेक वर्षे लागली. घरी विमान बांधणाऱ्याला धाडसाबरोबरच धीरही किती लागतो, हे ह्यावरून दिसून येते.

ह्या धीराची कसोटी पाहणारे एक काम म्हणजे ब्रेकची हवा काढणे. लहान विमानात बहुधा मागच्या दोन मोठ्या चाकांनाच ब्रेक असतात. डाव्या पायाचे पॅडल डाव्या चाकाचा ब्रेक लावते आणि उजव्या पायाचे उजव्या चाकाचा. एकच ब्रेक हलकेच दाबून वैमानिक जमिनीवर विमान वळवूही शकतो. म्हणूनच दोन्ही बाजू सारख्या निर्दोष असाव्या लागतात. एका बाजूच्या तेलात हवा राहिली, तर दोन्ही पाय सारखेच दाबूनही एकच चाक अडते आणि विमान धावपट्टी सोडून भलतीकडे वळू लागते.

मोटारीची हवा काढताना तेल बहुधा वरून खाली ढकलतात. पुष्कळ लहान विमानांत ह्याच्या उलट रीत पाळतात. हवा तेलापेक्षा हलकी असल्यामुळे ती आपण होऊन वर चढू पाहते. मग तिला खाली रेटीत नेण्यापेक्षा तिच्याच वाटेने वर जाऊ द्यावे, हे शहाणपणाचे. त्यासाठी तेलाच्या पिचकारीला एक पारदर्शक नळी जोडतात. त्या नळीतच हवा राहू नये म्हणून ती आधी तेलाने पूर्ण भरून घेतात. नळीचे टोक चाकाजवळच्या निपलवर घट्ट बसवून निपल सैल करतात आणि तेल सावकाश वर चढवू लागतात. घाई केल्यास तेल घुसळले जाऊन नवा फेस होतो. तेल वर चढत जाते आणि आपल्यापुढे बुडबुड्यांना ढकलीत वरच्या तेलपात्रात आणून सोडते. वाटेत नळीला कोठे उंचवटा आला असेल, तर तेथे बुडबुडा दडून बसतो. अशा वेळी लाकडी मुठीने नळीवर हलकेच टिचक्या मारतात. म्हणजे तो सुटतो. पात्रात एकही बुडबुडा येईनासा झाला, की निपल आवळतात. मग दुसऱ्या चाकाकडे वळतात.

तेल कोणते घालावयाचे हेही मनाने ठरवून चालत नाही. अनेक लहान विमानांच्या ब्रेकमध्ये खनिज तेलाची लाल रंगाची जात वापरतात. मोटारीचे ब्रेक ऑइल वेगळ्या रसायनांचे असते. एका तेलासाठी बनविलेली रबरी कडी दुसऱ्या तेलात फुगते, खराब होते आणि गळू लागते. तेव्हा बनविणाऱ्याने सांगितलेलेच तेल, तेही बंद डब्यातील स्वच्छ तेल, वापरणे भाग असते.

हवा निघाली की नाही, हे सांगणारा साक्षीदार म्हणजे वैमानिकाचा पाय. निर्दोष ब्रेकचे पॅडल थोडेसे दबते आणि मग भिंतीसारखे कठीण लागते. ते दाबून धरले, तर हळूहळू खाली जात नाही. खाली जाऊ लागले, तर कोठेतरी तेल गळते आहे असे समजावे. पॅडल पहिल्या वेळी मऊ लागते, आणि दोन-तीन वेळा भराभर दाबल्यावर कठीण होते, तेव्हा तर फार सावध व्हावे लागते. तेलात हवा असल्याची ती खूण होय.

नेमके येथेच मनुष्याचे मन त्याला फसवू पाहते. वर्षानुवर्षे खपून विमान पूर्ण झाले आहे, धावपट्टी मोकळी आहे, आप्तेष्ट कौतुकाने जमले आहेत, आणि पॅडल तेवढे किंचित मऊ लागते. दोन वेळा दाबले की कठीण होते. मग एवढ्यासाठी पुन्हा सारे उघडावयाचे काय, असा विचार डोकावतो. परंतु विमान उतरून धावपट्टीचा शेवट जवळ येत असता पॅडल दोन-तीन वेळा दाबून पाहण्यास सवड मिळेलच असे नाही. जाणता कारागीर जमलेल्या मंडळींची क्षमा मागतो, बाहीवर करतो आणि पहिल्या निपलपासून पुन्हा आरंभ करतो. त्या दिवशी विमान हलत नाही. पण त्याच्या त्या नकारात पुढच्या सर्व प्रवासांचे कुशल साठविलेले असते.

काम पुरे झाल्यावरही तो लगेच निश्चिंत होत नाही. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवून रात्रभर तेलाचा थेंब पडतो का, हे तो पाहतो. दुसऱ्या दिवशी पॅडल पुन्हा दाबून पाहतो. नंतर माणसाच्या चालीने विमान चालवून थांबवतो. मग थोडे वेगाने. उड्डाणापूर्वी इंजिनाचा वेग वाढवून त्याची परीक्षा घ्यावयाची असते. त्या वेळी पंख्याच्या ओढीविरुद्ध विमानाला जागच्या जागी रोखून धरण्याचे काम ब्रेकच करतात. ती परीक्षा उतरल्यावरच पुढचे पाऊल पडते.

तपासनीस येऊन विमान पाहतो, कागदावर सही करतो. परंतु नळीच्या प्रत्येक वळणावर कारागिराने किती वेळ खर्च केला, हे त्याला कसे कळणार? ते फक्त कारागिरालाच ठाऊक असते. आकाशातून उतरणाऱ्या विमानाकडे पाहून लोक टाळ्या वाजवतात, तेव्हा त्या टाळ्या ब्रेकसाठी नसतात, आणि न राहिलेल्या बुडबुड्यासाठी तर नसतातच. तरीही विमान धावपट्टीवर सरळ धावते, हळूहळू मंद होते आणि नेमक्या जागी उभे राहते. कोणी न पाहिलेल्या श्रमांना तेवढी पावती पुरेशी असते.

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ब्रेकचा वैरी कोणास म्हटले आहे?
(आ) पास्कलचा नियम कोणता?
(इ) लॉकहीड बंधूंच्या विमानाला चाकांची गरज का नव्हती?
(ई) कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानाच्या उड्डाणचाचण्या कोठे झाल्या?

२. कारणे सांगा.
(अ) तेलात हवा राहिली असता पॅडल मऊ लागते.
(आ) लहान विमानात तेल खालून वर चढवितात.
(इ) विमानाच्या ब्रेकमध्ये हाती येईल ते तेल घालून चालत नाही.

३. 'हवा जेथे नेमलेली आहे तेथे ती उत्तम सेवक ठरते.' हे विधान पाठातील उदाहरणे देऊन आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

४. पॅडल मऊ लागत असताही उड्डाण करण्याचा मोह कारागिराने का टाळावा, ते आपल्या शब्दांत लिहा.

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : अंग चोरणे, चोरपावलांनी शिरणे, खर्ची पडणे, सिद्धीस जाणे, कसोटी पाहणे.

६. सुई काढलेल्या दोन लहानमोठ्या पिचकाऱ्या रबरी नळीने जोडा. त्यांत प्रथम पाणी व नंतर अर्धे पाणी आणि अर्धी हवा भरून एकीचा दांडा दाबा. दुसरीच्या दांड्यात काय फरक पडतो, ते पाहून वहीत टिपून ठेवा.